मौनाचा बंदोबस्त : यीस्टच्या पेशीतील क्रोमॅटिन आणि जनुकांचे दमन



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली शिकलेली मंडळी असे सांगतात की, सजीवाच्या अंगी कोणते गुण आहेत हे विद्यार्थ्याने पाठ म्हणून दाखविले की ते त्याला लगेच विचारीत, 'आणि ते प्रकट केव्हा होतात?' आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो याच प्रश्नाच्या पोटातला आहे. आंबवण्याच्या कामी मनुष्याने सहस्रावधी वर्षे राबविलेला, गोव्यातील पोदेर पाव फुगविण्यासाठी माडाच्या सुरेतून ज्याची नकळत मदत घेत असत, तो यीस्ट नावाचा एकपेशीय जीव आपल्या जनुकांपैकी काहींना गप्प कसे बसवितो, आणि त्या कामी त्याच्या गुणसूत्रांची बांधणीच कशी उपयोगी पडते, याचे विवेचन मी करणार आहे. मला जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगतो, म्हणजे पुढील तपशिलाच्या गर्दीत ते हरवणार नाही : जनुकाचे मौन म्हणजे केवळ बोलण्याचा अभाव अशी आपली सहज समजूत असते, परंतु यीस्टने आपल्याला असे दाखवून दिले आहे की ते मौन हा पेशीने अव्याहत चालविलेला, खर्चाचा आणि दक्षतेचा उद्योग असतो.

प्रथम परिमाणांचा विचार करू. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाएवढी असते आणि तिचे केंद्रक त्याहूनही लहान, सुमारे दोन मायक्रोमीटर व्यासाचे. या केंद्रकात 16 गुणसूत्रे असून त्यांतील डीएनएची अक्षरे सुमारे 1 कोटी 20 लाख आहेत. केंद्रकयुक्त पेशी असलेल्या जीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकलेख सर्वांत आधी, म्हणजे 1996 साली, वाचून पूर्ण झाला तो हाच जीव. हे सारे तंतू सरळ करून एकापुढे एक मांडले तर लांबी सुमारे चार मिलिमीटर भरते, म्हणजे केंद्रकाच्या व्यासाच्या दोन हजार पट. एवढा तंतू एवढ्या जागेत नुसता कोंबून भागत नाही, तो शिस्तीने गुंडाळावा लागतो. आणि ते काम हिस्टोन नावाची प्रथिने करतात. एच-2ए, एच-2बी, एच-3 आणि एच-4 या चार हिस्टोनांच्या प्रत्येकी दोन प्रती मिळून आठ रेणूंचा एक गड्डा बनतो, त्याभोवती डीएनएची 147 अक्षरे पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळली जातात, आणि अशा एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. ही मांडणी 1974 साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी सुचविली. 1997 साली झुरिक येथे कॅरोलिन लूगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तिचे अणुरेणूपर्यंतचे चित्र मिळविले. त्या चित्रात एक गोष्ट ठळक दिसते : गड्ड्याचा गाभा घट्ट बांधलेला असला तरी प्रत्येक हिस्टोनाचे एक टोक, शेपटीसारखे, वेढ्यांच्या बाहेर डोकावत असते. या शेपटीची आठवण श्रोत्यांनी ठेवावी. डीएनए आणि प्रथिने यांच्या या संयुक्त द्रव्याला क्रोमॅटिन हे नाव आहे.

हिस्टोनांचा शोध मात्र फार जुना. आल्ब्रेख्त कोसेल यांनी 1884 साली कलहंसाच्या रक्तपेशींतून ते वेगळे केले होते. त्यांचे कार्य काय, याविषयी पुढे दीर्घकाळ दोन मते नांदत राहिली. एडिंबरोच्या एडगर आणि एलन स्टेडमन या दांपत्याने 1950 साली असे सुचविले की, हिस्टोन जनुकांना दडपून ठेवीत असावेत. 1964 साली व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी हिस्टोनांना असिटिल गट चिकटतात आणि त्याचा जनुकांच्या कार्याशी संबंध असावा असे दाखविले. परंतु प्रतिपक्षाचा युक्तिवादही दुबळा नव्हता. वाटाण्याच्या रोपातील एच-4 आणि वासराच्या शरीरातील एच-4 यांची 1969 साली तुलना झाली, तेव्हा 102 अमिनो आम्लांपैकी अवघ्या दोन ठिकाणी फरक आढळला. मग जे द्रव्य वाटाण्यात आणि वासरात सारखे, यकृतात आणि मेंदूत सारखे, सर्व जनुकांवर सारखेच पसरलेले, ते अमक्या जनुकाला मुभा आणि तमक्याला मज्जाव असा विवेक कसा करणार? पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. रुमाल कागदाचे रक्षण करतो, त्यातील मजकुरावर त्याची हुकमत चालत नाही. हिस्टोन म्हणजे असाच निव्वळ रुमाल, असे पुष्कळ विचारी शास्त्रज्ञांना वाटत होते, आणि परीक्षानळीतील प्रयोगांनी हा वाद मिटण्यासारखा नव्हता. कारण काचेच्या नळीत डीएनएवर हिस्टोन ओतले की लेखन, म्हणजे जनुकाची आरएनएत नक्कल होणे, थांबते हे खरे असले, तरी जिवंत पेशीत तसेच घडते याचा तो पुरावा होत नाही.

तो पुरावा यीस्टने दिला, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. मनुष्याच्या पेशीत प्रत्येक हिस्टोनाची जनुके डझनांनी असतात. त्यांतील एखादे बिघडविले तरी बाकीची काम निभावून नेतात. यीस्टमध्ये या चार हिस्टोनांपैकी प्रत्येकाची अवघी दोन जनुके आहेत. ती दोन्ही काढून त्यांच्या जागी आपल्याला हवे तसे घडविलेले एकच बसविता येते. ही सोय ज्यांनी पूर्णपणे ओळखली आणि वापरली त्यांत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील मायकेल ग्रन्स्टाइन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

पण त्यांच्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी म्युनिक येथील वोल्फ्राम हर्ट्झ यांच्या कामाचा निर्देश करणे न्यायाचे होईल. यीस्टला फॉस्फेट भरपूर मिळत असताना त्याचे पीएचओ-5 हे जनुक बंद असते. फॉस्फेटचा तुटवडा पडला की ते जागे होते आणि त्यापासून बनणारे विकर पेशीच्या कडेला जाऊन सेंद्रिय पदार्थांतून फॉस्फेट सोडवून आणते. हर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली असे दाखविले की, बंद अवस्थेत या जनुकाच्या प्रवर्तक भागावर, म्हणजे जेथून त्याच्या लेखनाचे नियंत्रण होते तेथे, न्यूक्लिओसोम नेमक्या जागी बसलेले असतात, आणि जनुक चालू होताना त्यांतील चार उखडले जातात. बसलेल्या न्यूक्लिओसोमांच्या मधोमध एक छोटी मोकळी जागा असते, तेथे पीएचओ-4 या चालक प्रथिनाला बसण्यापुरते स्थान मिळते. परंतु त्याला लागणारे दुसरे स्थान एका न्यूक्लिओसोमच्या वेढ्यात झाकलेले असते. एवढ्यावरून न्यूक्लिओसोमांचे जाणे आणि जनुकाचे जागणे बरोबरीने घडतात हे सिद्ध झाले. पण त्यांपैकी कारण कोणते आणि कार्य कोणते, हे ठरायचे राहिले होते.

ग्रन्स्टाइन आणि मिन हान यांनी तो प्रश्न उलट बाजूने सोडविला. पेशीतील एच-4 चे एकमेव जनुक त्यांनी अशा प्रवर्तकाच्या ताब्यात दिले की, माध्यमात ग्लुकोज घालताच ते बंद पडावे. मग पेशी डीएनएची नक्कल तर करते, परंतु नव्या प्रतीवर गुंडाळावयास हिस्टोन अपुरे पडतात आणि निम्म्याच्या आसपास न्यूक्लिओसोम नाहीसे होतात. अशा पेशींत फॉस्फेट विपुल असतानाही, म्हणजे चालू होण्याचा कोणताही हुकूम आलेला नसतानाही, पीएचओ-5 जागे झाले. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे महत्त्व मला फार मोठे वाटते. त्या जनुकाला बोलण्याची शक्ती मुळातच होती. त्याला अडविणारे होते ते त्याच्या अंगावरचे आवरण. ज्याला निव्वळ रुमाल म्हटले होते, त्याचा अंमल मजकुरावर चालत होता.

याच सत्याची दुसरी बाजू अगदी वेगळ्या वाटेने पुढे आली. साखर आंबविण्यास असमर्थ ठरलेल्या यीस्टच्या उत्परिवर्तनांचा अभ्यास करणारे एक मंडळ आणि संयोग-प्रकार बदलण्यास असमर्थ ठरलेल्यांचा अभ्यास करणारे दुसरे मंडळ स्वतंत्रपणे काम करीत असता, दोघांच्या हाती काही अंशी तीच जनुके लागली. त्यांची प्रथिने मिळून एक मोठे यंत्र बनते, आणि ते एटीपीची ऊर्जा खर्चून न्यूक्लिओसोम हलविते. 1992 साली फ्रेड विन्स्टन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, हे यंत्र मोडलेल्या पेशीत एच-2ए व एच-2बी यांचा पुरवठा थोडा घटविला तर बंद पडलेले जनुक पुन्हा बऱ्याच अंशी चालू लागते. अडथळाच कमी केला की अडथळा दूर करणाऱ्याची गरज कमी होते. याहून स्वच्छ अनुमान जीवशास्त्रात क्वचितच मिळते. टप-1 नावाचे दमनकारी प्रथिन तर हिस्टोन एच-3 आणि एच-4 यांच्या शेपट्यांनाच धरते, असे 1996 साली शॅरन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. तो विषय विस्तृत आहे आणि येथे मी तो सोडून देतो, कारण मला ज्या उदाहरणापाशी थांबावयाचे आहे ते याहून अधिक बोलके आहे.

यीस्टमध्ये संयोगाचे दोन प्रकार असतात, 'ए' आणि 'आल्फा'. तिसऱ्या गुणसूत्राच्या मध्यभागी मॅट नावाचे एक स्थान आहे, आणि तेथे जो मजकूर असेल त्यावरून पेशीचा प्रकार ठरतो. पण त्याच गुणसूत्राच्या दोन टोकांजवळ आणखी दोन स्थाने आहेत, एचएमएल आणि एचएमआर. बहुधा पहिल्यात आल्फाचा आणि दुसऱ्यात 'ए'चा संपूर्ण मजकूर जपून ठेवलेला असतो. ज्या जातींत एचओ हे विकर कार्यक्षम असते, त्यांत पेशी मॅट स्थानाचा तंतू तोडून टोकाकडील मजकुराची नक्कल तेथे बसविते आणि आपला प्रकार बदलते. म्हणजे टोकाकडील प्रती या राखीव प्रती आहेत; त्यांनी कधी बोलता कामा नये. त्या बोलल्या तर एकाच पेशीत दोन्ही प्रकारांचे आदेश एकाच वेळी सुटतात आणि ती पेशी कोणाशीच संयोग करू शकत नाही. आता यातील विलक्षण गोष्ट अशी की, मॅट स्थानी असलेला आल्फाचा मजकूर आणि एचएमएल येथे असलेला आल्फाचा मजकूर यांत अक्षराचाही फरक नाही. प्रवर्तकसुद्धा जसाच्या तसा नकललेला आहे. तीच अक्षरे एका जागी अखंड बोलतात आणि दुसऱ्या जागी अखंड गप्प असतात. जनुकाचे भवितव्य त्याच्या अक्षरांत असते असे जे आपण शिकलो, ते अपुरे आहे हे याहून ठसठशीतपणे कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

हे मौन कोण राखतो? 1979 साली दोन गटांनी अशी उत्परिवर्तने प्रसिद्ध केली की ज्यांत ती राखीव स्थाने बोलू लागतात. एका गटात पंजाबात जन्मलेले अमर क्लार होते. त्यांनी, सेमूर फोगेल आणि के मॅक्लाउड यांनी आपल्या जनुकाला मार-1 असे नाव दिले. दुसरा गट जॅस्पर राइन आणि आयरा हर्सकोविट्झ यांचा. पुढे 1987 सालापर्यंत राइन आणि हर्सकोविट्झ यांनी अशा चार जनुकांची मांडणी पूर्ण केली आणि त्यांना सिर-1 ते सिर-4 ही नावे रूढ झाली. क्लार यांचे मार-1 म्हणजेच सिर-2. मधल्या काळात किम नॅस्मिथ यांनी 1982 साली दाखविले की, सिर प्रथिने कार्यरत असताना या मूक स्थानांचे क्रोमॅटिन वेगळे असते, आणि 1985 साली त्यांच्या गटाने मूक स्थानाच्या कडेला असलेला डीएनएचा तो तुकडा वर्णन केला ज्याला सायलेन्सर हे नाव मिळाले. हा तुकडा अमक्या एका जनुकासाठी नेमलेला नसतो. त्याच्या शेजारी परके जनुक आणून ठेवले तरी ते गप्प होते. राइन यांनी तर तेथे निराळ्याच विकराकडून लिहिले जाणारे टीआरएनएचे जनुक ठेवून पाहिले, आणि तेही दबले. म्हणजे हा मज्जाव मुलखाला लागू आहे; त्या मुलखात जो राहील त्याच्यावर तो आपोआप लागू होतो.

आता ती शेपटी. ग्रन्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेतील पॉल केन आणि सहकाऱ्यांनी 1988 साली एच-4 ची शेपटी कापून टाकली. वाटाण्यापासून वासरापर्यंत जी अक्षरशः कायम राहिली, ती नसताना पेशी मरेल अशी अपेक्षा कोणीही केली असती. पेशी मेली नाही, वाढ थोडी मंदावली एवढेच, परंतु मूक स्थाने बोलू लागली आणि पेशी संयोगास असमर्थ झाली. पुढे 1990 च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी ही जबाबदारी शेपटीच्या एका लहानशा भागावर, विशेषतः सोळाव्या क्रमांकाच्या लायसीनवर, निश्चित केली. ते लायसीन धनभारित असले की मौन टिकते. त्याच्या जागी असिटिल गट लागलेल्या लायसीनसारखे दिसणारे अमिनो आम्ल बसविले की मौन मोडते. 1995 साली सिर-3 आणि सिर-4 ही प्रथिने एच-3 व एच-4 यांच्या शेपट्यांना प्रत्यक्ष चिकटतात हेही दिसून आले. असिटिल गट लागतो की नाही, या एका लहानशा रासायनिक फरकावर संपूर्ण मुलखाचे बोलणे किंवा न बोलणे अवलंबून आहे. ऑलफ्रींनी 1964 साली जे अनुमान मांडले होते त्याला चोवीस वर्षांनंतर जिवंत पेशीत साक्ष मिळू लागली.

गुणसूत्रांच्या टोकांशीही हाच कायदा चालतो, आणि तेथे तो डोळ्यांनी दिसतो. डॅनियल गॉटश्लिंग, व्हर्जिनिया झेकियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली एडीई-2 हे जनुक टोकाशेजारी नेऊन बसविले. ते चालू असेल तर यीस्टची वसाहत पांढरी दिसते, बंद असेल तर लाल रंगद्रव्य साठून लाल. त्यांच्या वसाहतींत पांढऱ्यावर लाल आणि लालावर पांढरे पट्टे उमटले, म्हणजे जनुकलेख एकच असलेल्या पेशींपैकी काहींत जनुक बंद, काहींत चालू, आणि ती अवस्था लेकींकडे, नातींकडे बऱ्याच पिढ्या तशीच चालत जाऊन मग केव्हातरी पालटते. त्याच्या आदल्याच वर्षी लॉरेन पिलस आणि राइन यांनी सिर-1 नसलेल्या पेशींची एकेक करून पाहणी केली होती. त्यांनाही एकाच जनुकलेखाच्या दोन प्रजा आढळल्या, एकीत मौन पूर्ण, दुसरीत मुळीच नाही, आणि दोन्ही आपापली अवस्था वारशाने पुढे देणाऱ्या. सिर-1 मौन प्रस्थापित करण्यास लागते, राखण्यास नाही, असा याचा अर्थ. अक्षरे न बदलता वारसा चालतो, ही गोष्ट अशा साध्या जीवात इतक्या निर्विवादपणे दिसली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

वारसा चालतो म्हटल्यावर एकदा मौन बसविले की ते आपले आपण टिकते, असे वाटण्याचा मोह होतो. तसे नाही. अल्लन मिलर आणि नॅस्मिथ यांनी 1984 साली सिर-3 चे असे रूप वापरले की जे ऊब वाढली की निकामी व्हावे. तापमान चढविताच मूक स्थाने बोलू लागली. त्यासाठी पेशीला नवी प्रत काढण्याची वाटही पाहावी लागली नाही. उलट, तापमान उतरविल्यावर मौन पुन्हा बसण्यास पेशीचक्रातील डीएनए नकलण्याचा काळ ओलांडावा लागला. पुढे 2001 साली हे दिसून आले की नकलण्याची क्रिया स्वतः आवश्यक नसून त्या काळात पेशीत घडणारे दुसरे काहीतरी आवश्यक असते. सायलेन्सरचा तुकडाच कापून काढण्याचे कसबही 1996 साली स्कॉट होम्स आणि जेम्स ब्रोच यांनी साधले, आणि मौन बसलेल्या मुलखातून सायलेन्सर गेला की पुढील पिढ्यांत ते मौन टिकत नाही असे त्यांना आढळले. म्हणजे हे आदेश एकदा काढून दप्तरी लावण्याचे नव्हेत. ते पिढीपिढीला पुन्हा जारी करावे लागतात आणि मधल्या काळात पहारेकरी क्षणभरही जागा सोडू शकत नाही.

या दक्षतेची किंमत पेशी कोणत्या नाण्यात देते, हे 2000 साली कळले. सिर-2 हे असिटिल गट काढून टाकणारे विकर आहे हे त्या वर्षी शिन-इचिरो इमाई, लिओनार्ड ग्वारेंटे आणि अन्य गटांनी दाखविले. आणि त्याची रीत आश्चर्यकारक निघाली. असिटिल गट नुसता तोडून टाकता येत असताना हे विकर प्रत्येक गटामागे एनएडी नावाचा एक रेणू खर्ची घालते, आणि हा रेणू म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या कारभारातले अत्यंत मोलाचे चलन. सायलेन्सरवर जमलेली सिर प्रथिने शेजारच्या न्यूक्लिओसोमवरील सोळाव्या लायसीनचा असिटिल गट काढतात, मोकळी झालेली शेपटी सिर-3 ला धरून ठेवते, तेथून पुढच्या न्यूक्लिओसोमकडे वाटचाल होते, आणि असा तो अंमल पसरत जातो. तो कोठवर पसरावा, यालाही कोणी लक्ष्मणरेषा आखून दिलेली नाही. सास-2 नावाचे विकर त्याच सोळाव्या लायसीनवर असिटिल गट चढविण्याचे उलट काम करीत असते. 2002 साली दोन गटांनी दाखविले की, सास-2 काढून टाकले तर टोकाकडील सिर-3 गुणसूत्राच्या आत कित्येक हजार अक्षरे शिरते. मूक मुलूख आणि बोलका मुलूख यांच्यामधली सरहद्द म्हणजे दोन विरोधी विकरांच्या जोराजोरीतून ठरलेले ठिकाण. एकाचा जोर वाढला की ती सरकते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे कर्तव्य आहे. यीस्टमध्ये डीएनएवर मिथिल गट चढविण्याची व्यवस्था नाही, आणि हिस्टोन एच-3 च्या नवव्या लायसीनवर मिथिल गट लावून जनुके दडपण्याची जी रीत मनुष्यात आणि फिशन यीस्ट या दुसऱ्या जातीतही आहे, तीही येथे आढळत नाही. म्हणून सिर प्रथिनांची कहाणी जशीच्या तशी मनुष्यावर लादणे चूक होईल. सिर-2 ची भावंडे मात्र मनुष्यातही आहेत, आणि असिटिल गट चढविणारी व उतरविणारी विकरे कोणत्या प्रकारची आहेत हे प्रथम ओळखले गेले ते 1996 साली, यीस्टच्या जीसीएन-5 आणि आरपीडी-3 या जनुकांशी असलेल्या त्यांच्या साम्यामुळे; त्या दृष्टीने यीस्टचे ऋण मान्य करण्यास संकोच नसावा.

शेवटी तो प्रश्न, ज्यावर जाणकारांत बराच काळ मतभेद राहिला : मूक मुलखात नक्की काय अडते? आवरण इतके घट्ट की आत कोणाचाच शिरकाव होत नाही, हे उत्तर सहज सुचते. 2001 साली एडवर्ड सेकिंगर आणि डेव्हिड ग्रॉस यांनी त्याविरुद्ध पुरावा मांडला. त्यांना मूक प्रवर्तकावर चालक प्रथिनच काय, लेखन करणारे विकरसुद्धा बसलेले आढळले. 2005 साली लिंग्यी चेन आणि जोनाथन विडम यांचे मोजमाप निराळे निघाले : चालक प्रथिन आपल्या जागी पोचते, परंतु त्यापुढील जमवाजमव, जी झाल्याशिवाय लेखनाचे विकर प्रवर्तकावर बसत नाही, ती होत नाही. 2011 साली करीम-जाँ आर्माश, रॉबर्ट किंग्स्टन आणि सहकाऱ्यांनी सिर-3 चा एक भाग न्यूक्लिओसोमवर बसलेला असतानाचे चित्र 3 अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट मिळविले. या सहकाऱ्यांत जयंतराव व मंगलाताई नारळीकरांची कन्या आणि मुंबईच्या आयआयटीची माजी विद्यार्थिनी गीता नारळीकर यांचा समावेश आहे. त्या चित्रात एच-4 ची शेपटी सिर-3 च्या खोबणीत बसलेली दिसते, आणि सोळाव्या लायसीनला असिटिल गट लागला तर ती बैठक का बिघडावी हे नजरेने कळते. माझा स्वतःचा कल चेन आणि विडम यांच्या बाजूला आहे, कारण त्यांच्या निष्कर्षात मौनाचे स्वरूप अधिक सूक्ष्म दिसते : दार पूर्ण बंद नाही, चालक आत येतो, आपल्या अक्षरांवर बसतो, आणि तरीही सिर प्रथिनांनी धरलेल्या न्यूक्लिओसोमांच्या त्या मुलखात त्याच्या हाकेला लेखनयंत्राचा पुढचा भाग येत नाही.